हरतो एक, फेडते दुसरी

पोळा ते दिवाळी या काळात आपल्या बीड जिल्ह्यातले कोणतेही दैनिक उचला. आतल्या पानावर 'जुगार अड्ड्यावर छापा, इतक्या जणांवर गुन्हा, इतक्या लाखांचा मुद्देमाल जप्त' ही बातमी सापडतेच. आकडा ऐकून छाती दडपते. नीट वाचले तर त्यात रोख थोडी आणि मोटारसायकली, मोबाइल जास्त असतात. कधी त्याच पानावर दुसरी बातमी असते. पत्त्याच्या डावावरून वाद झाला, एकाच्या डोक्यात दगड घातला, दोन गट समोरासमोर आले. मग टपरीवरची चर्चा ठरलेली असते. "जुगारीच ते, पिणार आणि भांडणार." भांडणारे आपल्या वस्तीतले असतील तर पुढचे वाक्यही ठरलेले असते: "या लोकांचं असंच असतं."

या शेवटच्या वाक्यामुळे हा लेख लिहितो आहे.

जुगाराच्या जागी होणाऱ्या राड्याला जुगाऱ्याचा स्वभाव, त्याची दारू, त्याची जात ही कारणे देणे सोपे आहे. माझे म्हणणे वेगळे आहे. राडा या धंद्याच्या रचनेतच आहे. ज्या धंद्याकडे भांडवल आणि परवाना असतो तो राडा दाबून दाराबाहेर काढतो. ज्याच्याकडे नसतो त्याच्या ताडपत्रीखालीच तो फुटतो. दोन्हीकडून तो शेवटी घरी पोचतो, आणि घरात पोचल्यावर त्याची बातमी होत नाही.

समाजशास्त्राच्या एम.ए.ला अर्व्हिंग गॉफमन वाचावा लागतो. हा अभ्यासक पुढे लास व्हेगासच्या कॅसिनोत पत्ते वाटायचे काम शिकला होता. १९५२ साली त्याने एक छोटा निबंध लिहिला. फसवला गेलेला माणूस गोंधळ का घालत नाही, असा त्याचा प्रश्न होता. त्याचे निरीक्षण असे की ठकांची टोळी पैसे घेऊन निघते तेव्हा एकाला मागे ठेवते. लुटलेल्या माणसाला थंड करणे हे त्याचे काम. झाले ते झाले, असे मोठमोठ्यांचे होते, पोलिसांत जाऊन आपलीच अब्रू कशाला घालवता, असे तो समजावत बसतो. गॉफमनचे पुढचे म्हणणे असे की हरलेल्यांना थंड करणारी अशी माणसे केवळ ठकांकडे नसतात, समाजात जागोजाग असतात.

हे डोक्यात ठेवून गोव्याकडे पाहा. तिथे जुगारबंदीचा कायदा १९७६ सालचा आहे आणि १९९० च्या दशकात दुरुस्त्या करून पंचतारांकित हॉटेलांना व जहाजांना त्यातून वाट काढून दिली गेली. आज पणजीसमोर मांडवीच्या पात्रात दिव्यांनी लखलखणारे कॅसिनो उभे आहेत. आपल्या जिल्ह्यातूनही लोक गाड्या करून तिकडे जातात. ठेकेदार, प्लॉटिंगवाले, काही नोकरदार. तिकिटात जेवण आणि दारू धरलेली असते. हातात नोटांऐवजी चिप्स दिल्या जातात, म्हणजे काय गेले ते बोटांना कळत नाही. टेबलावर कॅमेरा, टेबलामागे देखरेख करणारा, दाराशी बाउन्सर. कोणी आवाज चढवलाच तर त्याला गोड बोलून, नाही जमले तर दंडाला धरून, होडीत बसवून धक्क्यावर आणून सोडता येते. एका प्लॉटिंगवाल्याने मला अभिमानाने सांगितले होते, "दीड लाख गेले, पण शेवटपर्यंत सर म्हणून बोलले!" त्याला 'सर' म्हणणारा तो मुलगा म्हणजेच गॉफमनच्या निबंधातला मागे ठेवलेला माणूस. त्याचा पगार याच दीड लाखातून निघतो.

पण या जहाजांबद्दलची सगळ्यात बोलकी गोष्ट वेगळीच आहे. १ फेब्रुवारी २०२० पासून गोवा सरकारने स्थानिक गोवेकरांना कॅसिनोत खेळायला बंदी केली. म्हणजे हरलेला माणूस घरी जाऊन काय करतो हे त्या सरकारला चांगले ठाऊक आहे. तो राडा म्हापशाच्या किंवा फोंड्याच्या घरात नको. बेळगावात, कोल्हापुरात, बीडमध्ये झाला तर हरकत नाही. महसूल ठेवून घ्यायचा आणि भांडण परराज्यात पाठवायचे, असा हा व्यवहार आहे. केंद्रही यात वाटेकरी आहे. कॅसिनोवर २८ टक्के जीएसटी होता, सप्टेंबर २०२५ मध्ये तो ४० टक्के झाला. कर वाढवला की सरकारने जुगाराला शिक्षा केली असे लोकांना वाटते. मला त्यात सरकारचा वाढलेला हिस्सा दिसतो.

आता आपल्याकडचा अड्डा पाहा. शेतातला पत्र्याचा शेड, ढाब्यामागची खोली, नदीकाठची बाभूळ. खेळ तिर्रट नाहीतर झन्नामन्ना. चालवणारा प्रत्येक डावातून आपला वाटा काढतो, त्यामुळे तो कधीच हरत नाही. खिसा रिकामा झालेल्याला तोच उसने देतो, आणि या उसन्याचे व्याज महिन्यावर नसते, दिवसावर असते. दारूही उधारीवर मिळते. सगळा हिशेब तोंडी. पत्ता लपवला की नाही, मागची उधारी किती होती, कोण आधी उठला, यातल्या एकाही गोष्टीला कागद नाही. आणि वाद झाला तर जायचे कुठे? ठाण्यात जाणारा स्वतःच आरोपी ठरतो. ज्या व्यवहाराला दाद मागायला कोणतीच जागा नाही, तो व्यवहार हातघाईवर येणार. तिथे प्राध्यापक बसवले तरी दगड उचलले जातील.

बीडच्या अड्ड्यावरचा माणूस बेशिस्त आणि मांडवीवरचा सभ्य, असे जे दिसते ते यामुळे. माणसे एकाच मातीची आहेत. एकाला थंड करायला माणूस ठेवलेला आहे, दुसऱ्याला नाही.

कायद्याचा हातही दोघांवर सारखा पडत नाही. आपल्याकडचा जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ सालचा, इंग्रजांनी मुंबई इलाख्यासाठी केलेला. (तेव्हा आपला बीड निजामाच्या राज्यात होता, हा कायदा आपल्या वाट्याला नंतर आला.) त्याचे कलम १२ (अ) असे आहे की रस्त्यावर, उघड्या सार्वजनिक जागी जुगार खेळताना कोणी दिसला तर पोलीस वॉरंटशिवाय पकडू शकतात. बंद जागेतल्या अड्ड्यात शिरायचे तर जिल्ह्याच्या ठिकाणी कलम ६ प्रमाणे वरिष्ठांचे विशेष वॉरंट लागते. ज्याच्याकडे भिंती आणि छप्पर आहे त्याला कायद्याने एक पायरी उसंत दिली आहे. झाडाखाली बसलेल्याला ती नाही. आता सांगा, झाडाखाली कोण बसतो? मग बातमीतले आकडे वस्तीतल्या माणसांनी भरतात, आणि त्या आकड्यांवरून वस्तीचा स्वभाव ठरवला जातो. छापा पडल्यावर ओळीने उभे करून काढलेल्या फोटोत अड्ड्याचा खरा मालक क्वचितच असतो. एक जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११२ मध्ये टोळीने चालवलेला बेकायदा सट्टा-जुगार हा संघटित स्वरूपाचा गुन्हा धरून एक ते सात वर्षांच्या शिक्षेची तरतूद आहे. ते कलम चालवणाऱ्यांवर किती लागते आणि बाभळीखालच्यांवर किती, हे माहितीच्या अधिकारात ठाण्यानिहाय विचारायला हवे. कार्यकर्त्यांनी हे काम हाती घ्यावे.

मग परवाने देऊन टाका, असे म्हणणारे भेटतात. कॅमेरे येतील, कर येईल, पोरांना नोकऱ्या लागतील. महाराष्ट्राने १९७६ सालीच कॅसिनोंचा कायदा केला होता. तो कधी अमलात आणला नाही आणि २०२३ साली रद्द केला. (१९७६ हे सालही गमतीचे. महाराष्ट्राचा कॅसिनो कायदा, गोव्याचा जुगार कायदा आणि वेठबिगारी निर्मूलनाचा केंद्रीय कायदा, तिन्ही त्याच सालचे. कोणता किती पाळला गेला ते वाचकांनीच ठरवावे.) परवाना देण्याला माझा विरोध सोवळेपणातून नाही. परवान्याने हरणाऱ्यांची संख्या घटत नाही. हरलेल्याचा आवाज तेवढा घटतो. बंदीनेही काही साधलेले नाही हे मी मान्य करतो. मुंबईत न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या भावावर सुरू झालेला आकडा मटका होऊन गावोगावच्या पानटपरीवर पोचला, तो या १८८७ च्या कायद्याच्या डोळ्यांदेखत.

आता धम्माकडे येतो, कारण आपल्यातले काही जण म्हणतात की पंचशीलात दारू आहे, जुगार कुठे आहे? त्यांनी सिगालोवाद सुत्त वाचावे. राजगृहात सिगाल नावाच्या गृहस्थाच्या मुलाला तथागतांनी संपत्तीच्या नाशाची सहा द्वारे सांगितली, त्यात जुगार आहे. आणि जुगाराचे सहा दुष्परिणाम वेगळे मोजून सांगितले आहेत. जिंकणाऱ्याच्या वाट्याला वैर येते. हरणारा गेलेल्या धनाचा शोक करतो. पैसा जातो. सभेत त्याच्या शब्दाला किंमत राहत नाही. मित्र, सोबती त्याला तुच्छ मानतात. लग्नासाठी त्याला कोणी मुलगी देत नाही, कारण तो बायकोला पोसू शकणार नाही. या क्रमाकडे लक्ष द्या. पैसा जाणे तिसऱ्या जागी आहे. पहिल्या जागी वैर आहे, आणि तेही हरणाऱ्याचे नाही, जिंकणाऱ्याच्या वाट्याला येणारे. जिंकलेल्याला त्या टेबलावरून सुखरूप उठता येत नाही, हे अडीच हजार वर्षांपूर्वी नोंदवलेले समाजशास्त्र आहे. स्वर्ग-नरकाची भीती त्यात नाही. सगळे परिणाम याच जन्मातले, शेजाऱ्यांच्या डोळ्यांसमोरचे.

उलट बाजूला काय आहे तेही पाहा. बाबासाहेबांनी प्राचीन भारतातल्या क्रांती-प्रतिक्रांतीवरच्या आपल्या अपूर्ण राहिलेल्या लेखनात आर्यांच्या जुगाराबद्दल सविस्तर लिहिले आहे. कृत, त्रेता, द्वापर, कली ही नावे त्यांच्या फाशांची होती, हे ते दाखवून देतात. जी नावे आपण युगांची म्हणून ऐकत आलो ती जुगाराच्या पटावरची. दिवाळीच्या पाडव्याला द्यूत खेळणे शुभ मानणारी परंपराही तिथूनच येते. आमच्या पोरांनी त्या दिवशी पत्ते हातात घेताना हे एकदा आठवावे.

महाभारतातल्या द्यूतसभेत द्रौपदीने विचारलेला प्रश्न सर्वांना माहीत आहे. युधिष्ठिर आधी स्वतःला हरला की आधी मला? स्वतःला हरलेल्याला दुसऱ्याला पणाला लावायचा अधिकार उरतो का? त्या प्रश्नावर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. पण त्याच सभेत, द्रौपदीच्या कितीतरी आधी, युधिष्ठिराने आपल्या दासी आणि दास पणाला लावले आणि तो ते हरला. त्यांच्या बाजूने कोणी प्रश्न विचारला नाही. भीष्म गोंधळले नाहीत, विकर्ण उठला नाही. त्या दासी कोणाच्या लेकी होत्या, पुढे कुठे गेल्या, कथेला त्याचे काही पडलेले नाही.

आपल्या जिल्ह्यात त्या दासी अजून आहेत. ऊसतोडीचा 'एक कोयता' म्हणजे नवरा-बायको. एकटा असेल तर तो 'अर्धा कोयता'. मुकादम हंगामाआधी कोयत्याला उचल देतो, हल्ली ती लाखाच्या आसपास असते. ती दोघांच्या कष्टावर दिलेली असते आणि एकाच्या हातात पडते. तो हात बहुधा पुरुषाचा असतो. आणि ती पडते कधी? नेमकी पोळ्यापासून दिवाळीपर्यंत, जेव्हा अड्डे जोरात असतात. अड्डेवाल्याला गावातल्या कोणत्या घरात उचल आली याची खबर बँकेच्या आधी असते.

केज तालुक्यातल्या एका वस्तीवर एक बाई भेटली. नवऱ्याने उचल तीन रात्रींत घालवली होती. चौथ्या रात्री उसने घेऊन खेळला, जिंकला, उठू लागला तेव्हा त्याला उठू दिले नाही, मारामारी झाली, दात पडला. गावात चर्चा त्या दाताची. बाईने मला विचारले, "दादा, त्या पैशात माझे किती होते?"

मी मनात आकडा मांडून पाहिला. निम्मे, असे उत्तर सोपे होते. पण पुढचे सहा महिने थळात पहाटे उठून ऊस तोडणार ती, मोळ्या डोक्यावर वाहणार ती, खोपीत स्वयंपाक करणार ती. खाडा पडला तर दंड तिच्याही नावावर. पाळीच्या दिवसांत, आजारपणात खाडा परवडत नाही म्हणून या जिल्ह्यातल्या बायांनी काय सोसले ते २०१९ साली विधिमंडळात पोचले होते. तीन वर्षांत बीड जिल्ह्यातल्या खासगी दवाखान्यांत ४६०५ गर्भाशये काढली गेल्याची माहिती तेव्हा सरकारनेच दिली. त्या सगळ्या ऊसतोड नव्हत्या, पण हा आकडा ऐकून कारखान्याच्या फडाची आठवण कोणाला झाली नाही असे नाही. नवऱ्याने पत्त्यांवर जे लावले ते तिचे सहा महिने होते. तिच्या अंगातले बळ आधीच विकले गेले होते, तो त्याची किंमत हरला.

आणि घरी आल्यावर राडा झालाच. गोव्यात 'सर' म्हणणारा मुलगा जे काम पगारावर करतो, ते इथे बायको, आई किंवा थोरली मुलगी करते. जेवायला वाढायचे, काही विचारायचे नाही, रात्री हात उचलला तर आवाज बाहेर जाऊ द्यायचा नाही. सकाळी शेजारणीला सांगायचे, पाय घसरला. ती ठाण्यात गेलीच तर 'घरगुती वाद' म्हणून अदखलपात्र नोंद होते आणि समजूत काढून परत पाठवले जाते. तिची समजूत काढणारा तो हवालदारही गॉफमनच्या निबंधात शोभला असता.

मोबाइलवरच्या रमीने ही कहाणी आणखी आकसून टाकली होती. तिथे समोर खेळणारा नाही, अड्डेवाला नाही, भांडायला तोंडच नाही. पूर्ण राडा थेट घरात. जुलै २०२५ मध्ये तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांचा विधान परिषदेत बसून मोबाइलवर रमी खेळत असल्याचा आरोप करणारा व्हिडिओ फिरला. आपण खेळत नव्हतो, समोर आलेली जाहिरात बाजूला करत होतो, असा त्यांचा खुलासा होता. महिनाअखेरीस त्यांचे कृषी खाते गेले आणि क्रीडा खाते मिळाले. यावर विनोद करण्याचे काम लोकांनी केव्हाच उरकले आहे, मी भर घालत नाही. पुढच्याच महिन्यात केंद्राने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. चांगले झाले. पण त्या ॲपवर हरलेल्यांची कर्जे त्या कायद्याने माफ झाली नाहीत, आणि ती माणसे पुन्हा बाभळीखाली दिसू लागली आहेत.

मग करायचे काय? 'जुगार सोडा' असे प्रबोधन आपल्या प्रत्येक कार्यक्रमात होते, ते चालू राहावे. पण जुगाऱ्याला उपदेश करणे सोपे असते, कारण तो समोर बसलेला असतो. अड्डेवाला आणि उसने देणारा समोर बसलेला नसतो. त्याच्यावर चालतील अशी काही हत्यारे आपल्याकडे आहेत आणि ती वापरली जात नाहीत. भारतीय करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे पैजेचा करार रद्दबातल असतो, पैजेत जिंकलेल्या पैशांच्या वसुलीसाठी दावा लावता येत नाही. तेव्हा डावातल्या रकमेसाठी कोणी कोऱ्या मुद्रांकावर सही मागत असेल तर ती देऊ नये, दिली असेल तर घाबरून जमीन लिहून देऊ नये. विनापरवाना व्याजाने पैसे देणे हा महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली गुन्हा आहे. परवाना नसलेल्या सावकाराच्या बाजूने कोर्टाला हुकूमनामा देता येत नाही आणि त्याने बळकावलेली जमीन परत मिळवण्यासाठी सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. अर्ज साध्या कागदावर चालतो. बायांसाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आहे. त्यात मारहाणीबरोबर आर्थिक छळही धरला आहे. घरातली भांडी, दागिने, तिचे स्त्रीधन विकून जुगार खेळणे हे त्यात बसते. संरक्षण अधिकाऱ्याकडे गेले की अदखलपात्र नोंदीवर विषय संपत नाही.

आणि उचल. कोयत्याचा करार दोघांच्या नावे व्हावा आणि रक्कम दोन खात्यांत निम्मी निम्मी जमा व्हावी, अशी मागणी मी वस्तीवरच्या बैठकीत मांडली तेव्हा एका म्हाताऱ्या बाईने अडवले. "नाव लागलं की कर्जबी माझ्या नावावर येतंय की, भाऊ." तिचे खरे आहे. आज कर्ज तिच्या नावावर नाही, फक्त ते फेडायचे काम तिचे आहे. या अडचणीवर ऊसतोड संघटनांशी बोलणे सुरू आहे. बैठकीत निदान एवढे ठरले की यंदा उचल घ्यायला दोघांनी जायचे, पैसे मोजताना बाईने हजर राहायचे, आणि तिचा वाटा त्याच दिवशी तिच्या बचत गटात भरायचा. सतरा बायांनी नावे दिली आहेत. त्यातल्या चौघींच्या नवऱ्यांनी त्या रात्री घरात गोंधळ घातला. त्या चौघींची नावे अजून यादीत आहेत.